पल्याडचा जबाब

मावशीच्या गोफणीतून सुटलेला दगड पलीकडच्या एका बाईच्या कपाळावर बसला, तेव्हा मी नदीच्या वाळूत गुडघे टेकून टेपरेकॉर्डरचा माईक धरून बसलो होतो. ती बाई मटकन खाली बसली. तिने पदराने रक्त टिपलं, पदर पुन्हा डोक्यावर घेतला, उभी राहिली आणि आमच्या गावाला एक सणसणीत शिवी गात परत गोफण फिरवू लागली. अलीकडच्या बाया हसल्या, पलीकडच्याही हसल्या. माझ्या डोक्यावरून तिचा दगड सूं करत गेला आणि मागे कुणाच्या तरी घागरीवर आदळला.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई मांडतात. गौराई बोळवायच्या दिवशी गिरणेच्या त्या भागातल्या समोरासमोरच्या दोन गावांमध्ये बार होत असे. नदी त्या दिवसांत कोरडी असते. एका काठाला एका गावाच्या बाया, दुसऱ्या काठाला दुसऱ्या गावाच्या. शिव्या गाण्यातूनच द्यायच्या आणि दगड गाण्याबरोबरच सोडायचा. पुरुषाने पात्रात पाय ठेवायचा नाही, त्याने बांधावरच्या बाभळीखाली उभं राहून बघायचं. कोणाचं डोकं फुटो, कोणाचा दात पडो, दिवस मावळला की ते संपलं. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटल्यावर जिने दगड मारला तीच जखमेकडे बघून विचारायची, "फार लागनं का व?"

या मावशीच्या घरी राहून मी शाळा शिकलो. माझ्या आईवडिलांच्या गावात चौथीपुढे वर्ग नव्हता आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचा दरवाजा पाहिला नव्हता. मावशी म्हणजे अलीकडच्या काठाचा गळा. ती उभी राहिली की बाकीच्या तिच्यामागे ओळ धरायच्या. पलीकडच्या काठाचा गळा होता माझ्या मावसबहिणीची, अक्काची सासू. अक्काला त्याच पलीकडच्या गावात दिली होती. म्हणजे दोघी विहिणी वर्षभर एकमेकींकडे चोळीबांगडी करायच्या आणि आखाजीला एकमेकींचे वाभाडे काढायच्या. अक्का सणाला माहेरी आलेली असे, त्यामुळे तीही आईच्या बाजूने स्वतःच्या सासरवर दगड सोडायची. सासूला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट तिचा नेम चुकला तर सासू पलीकडून टोमणा मारायची, की आईने हिला गोफणसुद्धा शिकवली नाही.

मला ते टेप करायला जळगावच्या सरांनी पाठवलं होतं; माईकसाठी म्हणून बायांनी मला काठाच्या वाळूत बसू दिलं होतं. सर कॉलेजात मराठी शिकवत. मी बी. ए. झालो तेव्हा त्यांनीच मला संगणकाच्या खोलीत मदतनीस म्हणून लावून घेतलं आणि संध्याकाळी पिंप्राळ्याच्या एका क्लासला शिकायला पाठवलं. मी आज जो काही आहे त्यात त्या माणसाचा वाटा मोठा आहे, हे मी कुठेही सांगतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेजात आवाज वाजवणारा संगणक नुकताच आला होता आणि सरांच्या डोक्यात एक कल्पना बसली होती. ते म्हणत, पुस्तकात गाणं छापलं की ते मुकं होतं. टेपवर घेतलं तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकावं लागतं, ऐकणाऱ्याला काही विचारता येत नाही. पण या बायांचं वाङ्मय म्हणजे सवाल आणि जबाब. तर आपण अशी सीडी करू, की पडद्यावर नदी दिसेल. अलीकडच्या बाईवर माऊस दाबला की ती गाईल, पलीकडच्या बाईवर दाबला की ती उत्तर देईल. कोण जिंकलं ते ऐकणाराच ठरवील.

आमच्या आया-मावश्यांच्या शिव्यांना वाङ्मय म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. मी त्या कामात स्वतःला झोकून दिलं. नदी मी काढली, बाया मी काढल्या, लुगड्यांना रंग भरले. कॅसेटवरचा आवाज वायरीने संगणकात घेतला. सरांचं म्हणणं होतं की शब्द स्वच्छ ऐकू आले पाहिजेत, म्हणून दगडांचे आवाज, आरडाओरडा, हसणं असं सगळं कापून काढलं. मावशीची गाणी त्यामुळे इतकी लख्ख झाली की जणू ती खोलीत बसून एकटीच शिव्या देते आहे. पलीकडचा आवाज मात्र हाती लागला नव्हता. माईक आमच्या काठावर होता आणि मध्ये सगळी नदी. पलीकडच्या बाईवर माऊस दाबला की खरखर व्हायची आणि पडद्यावर अक्षरं यायची, ‘आवाज अस्पष्ट’. पुढच्या वर्षी पलीकडचंही घेऊ, असं सर म्हणाले.

थंडीच्या दिवसांत धुळ्याला एका साहित्य मेळाव्यात आम्ही तो संगणक मांडला. लोकांची झुंबड उडाली. पुस्तकांच्या टेबलांकडे कोणी फिरकेना. कॉलेजची पोरं एकामागून एक माऊस हातात घेत होती आणि सगळ्यांना एकच गाणं आवडलं होतं. मावशी त्यात विहिणीला म्हणत होती:

"याहीननी भाकर कुत्राले टाकी, कुत्रं सुंगीसन गये,
तिन्हा पोरनं तोंड दखीसन गधडं लाजी गये."

विहिणीची भाकर कुत्र्यानेसुद्धा हुंगून सोडली आणि तिच्या पोराचं तोंड पाहून गाढव लाजलं. पोरं हे वाजवायची, मग पलीकडच्या बाईवर दाबायची. खरखर, ‘आवाज अस्पष्ट’. एकजण म्हणाला, "म्हातारी मुकीच व्हई गई." सगळे हसले. त्याने पुन्हा वाजवलं.

गर्दीत अक्काचा नवरा उभा होता. तो धुळ्याला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर कामाला होता. त्याचं गाव आणि त्याची आई संगणकात आली आहे असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तो नवा शर्ट घालून, बरोबरच्या दोन हमालांना दाखवायला घेऊन आला होता. ते दोघेही आता हसत होते. तो पुढे आला आणि मला म्हणाला, त्याच्या आईचं लाव. मी सांगितलं, ते नाही. आवाज पोचला नाही.

"नाही म्हणजे? तिनं काहीच उत्तर दिलं नाही?"

मी समजावून सांगू लागलो तोच त्याची मूठ माझ्या जबड्यावर बसली. मी टेबलावरून मागे कोसळलो. त्याने मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून फरशीवर आपटला. काच फुटून आमच्या अंगावर उडाली, माऊस वायरीला लोंबकळत राहिला. धरायला गेलेल्या एका पोराला त्याने खुर्ची हाणली. मग तो गर्दीतून वाट काढत बसस्टँडकडे गेला. सरांनी स्वतःचा रुमाल माझ्या तोंडात कोंबला. पुढचा एक दात अर्धा तुटला होता. मला वाटलं, एवढ्यावर मिटलं.

तो त्या संध्याकाळी गावी पोचला तेव्हा अक्का पीठ मळत होती. त्याने दाराआडचा कुऱ्हाडीचा दांडा घेतला आणि काही न सांगता तिला मारायला सुरुवात केली. तिला कळेना कशासाठी. पाठीवर, मांड्यांवर, आणि डोकं वाचवायला वर केलेल्या हातावर. शेजाऱ्यांनी दांडा हिसकावेपर्यंत तिचं उजवं मनगट मोडलं होतं. सासू शेतातून आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सकाळी त्याने अक्काला नदीकडे ढकललं. दोन वर्षांची मुलगी ठेवून घेतली. तुझी आई नाक घासत येईल तेव्हा पोर मिळेल, असं सांगितलं. अक्का मोडका हात छातीशी धरून, गुडघाभर पाण्यातून चालत आईच्या दारात आली.

तिला पाचोऱ्याच्या डॉक्टरकडे नेऊन हात प्लास्टरमध्ये घातला. मुलगी रात्री तिच्या पोटाला पाय लावून झोपायची, एवढंच तिने आईला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मावशी गोठ्यात जाऊन बसली.

मग ज्यांनी बारात कधी पात्रात पाय ठेवायचा नसतो ते पुरुष भांडणात उतरले. कोणीतरी पलीकडची कडब्याची गंजी पेटवून दिली. पलीकडच्यांनी आमच्या गावच्या दोघांना बाजारात गाठून लोखंडी पट्टीने डोकी फोडली. एकाला तर टाके घालताना शुद्ध नव्हती. बारातल्या खोका मी लहानपणापासून पाहिल्या होत्या, पण बाजारातल्या त्या खोकांना कोणी हसलं नाही. आमच्या गावचे एक म्हातारे आबा मध्यस्थीला गेले, तेव्हा पलीकडच्या चार मंडळींनी अटी घातल्या. ती सीडी मोडा. मावशीने पलीकडच्या चावडीवर येऊन नाक घासावं. मग पोरीचं बघू. मावशी म्हणाली, पोर मिळत असेल तर ती नाकच काय, कपाळ घासील. अक्का म्हणाली, तू गेलीस तर मी विहीर जवळ करीन. त्या घरात त्या दिवसांत कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं.

मी जळगावला सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोडायची असेल तर मी तुला अडवणार नाही. पण आधी त्या पलीकडच्या बाईला विचार. तिच्या वतीने सगळे पुरुषच बोलताहेत."

ही गोष्ट आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती.

अक्काचा नवरा धुळ्याला परतल्याचं कळल्यावर मी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून नदी ओलांडली. पलीकडच्या गल्लीत पोरांनी मला ओळखलं आणि एक ढेकूळ पाठीत बसलं, पण मी चालत राहिलो. सासू ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. अक्काची मुलगी तिच्या मांडीला टेकून टरफलांशी खेळत होती. सासूने मला बसायला सांगितलं, माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "मन्हा पोरनी पाडा का तो दात?"

मी हो म्हटलं. मी कॅसेट लावली. कापाकापी न केलेली, दगडांसकट. तिने शेंगा बाजूला ठेवून ऐकलं. भाकरीच्या ओळीला ती हसली. गाढवाच्या ओळीला तर तिने मांडीवर थाप मारली आणि म्हणाली की याहीनचा गळा बारीक आहे, पण गाते चांगली. मग ती वाट पाहत राहिली. टेपवर गलका, हसणं, दगड. तिने मला मागे घ्यायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने यंत्राला कान लावला.

"मी जबाब दिन्हा व्हता," ती म्हणाली. "मन्हा जबाब कथा शे?"

मी सांगितलं, तो टेपवर नाही, माईक त्या काठावर होता. तिचा चेहरा तेव्हा उतरला. शिव्यांचं तिला काहीच नव्हतं. धुळ्याच्या पोरांनी तिला मुकी समजलं, हे तिला लागलं होतं. मी म्हटलं, आत्ता सांगा, आत्ता घेतो. तिने मुलीकडे बोट दाखवलं. लेकरू बसलेल्या ओट्यावर आणि आखाजी नसताना असलं काही ती तोंडातून काढणार नव्हती. आखाजीला ये आणि माझ्या बाजूने उभा राहा, असं तिने सांगितलं. मी मुलीबद्दल विचारलं.

"आते नही. आते दिन्ही ते गाव म्हनी, म्हातारी हारनी नि पोर बी देई बसनी. पह्यले जबाब व्हवू दे."

सीडी मोडायचं नाव तिने काढलं नाही. मी हे सगळं मावशीला येऊन सांगितलं. अक्का दाराशी उभी राहून ऐकत होती. मावशी म्हणाली, "मंग मी तेच गानं म्हनसू. तिले जबाब देवाले जागा ते पाहिजे." अक्काने फक्त एवढंच विचारलं, की मुलगी बारीक झाली आहे का. मी नाही म्हटलं. ते खरं होतं.

आखाजी आली. प्लास्टर निघालं होतं, पण अक्काचं मनगट वाकडं बसलं होतं. गोफण तिच्या हातात नीट फिरेना. तरी ती आईशेजारी पुढच्या रांगेत उभी राहिली. त्या वर्षी बार होऊ नये म्हणून दोन्हीकडचे काही शहाणे लोक झटले होते. बाया ऐकल्या नाहीत. बांधावर मात्र दोन्हीकडे नेहमीपेक्षा जास्त पुरुष होते आणि त्यांच्या हातांत काठ्या होत्या. अक्काचा नवराही धुळ्याहून आला होता.

मी पलीकडच्या काठावर, सासूच्या पायाशी माईक घेऊन बसलो. मुलीला मागे एका म्हातारीने धरलं होतं. ज्या गावात मी शाळा शिकलो तिथले दगड आता माझ्यावर येत होते आणि त्या बाया हात राखून मारत नव्हत्या. पहिला दगड माझ्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला. मावशीने माझ्यावरही एक ओळ केली, की आमचं पोरगं बी. ए. झालं आणि याहीनच्या पायाशी वायर धरून बसलं. माझ्या शेजारची एक बाई गाल फुटून वाळूत लवंडली, उठली, थुंकली. थुंकीत रक्त होतं. त्या दिवशी दगड खरंच जोरात येत होते. थंडीच्या दिवसांपासूनचा राग त्यांत होता.

मग मावशीने ते गाणं म्हटलं. कुत्रं आणि गाढव. अलीकडच्या काठावरून हसू आलं. सासूने गोफण खांद्यावर टाकली, एक पाऊल पुढे गेली आणि उत्तर दिलं:

"गधडा म्हनस जेले बाई, तो ते जवाई तुन्हा,
मांडोमा बसीसन पाय तूच धुयात त्यान्हा."

ज्याला गाढव म्हणतेस तो तुझाच जावई, आणि मांडवात बसून त्याचे पाय तूच धुतलेस. आधी पलीकडचा काठ हसला, मग अलीकडचा. मावशी तर पोट धरून वाळूत बसली. आज त्या सीडीत पलीकडच्या बाईवर दाबलं की हाच जबाब येतो, दगडांसकट आणि हसण्यासकट. आम्ही त्यातलं काही कापलं नाही.

पण गाढव होऊन बांधावर उभा राहणारा माणूस एकच होता. त्याच्या आजूबाजूचे पुरुषही हसले. तो काठी घेऊन खाली उतरला. त्याला आईवर काठी उगारता येईना, म्हणून तो वाळूतून सरळ अक्काकडे निघाला. एकदम सगळं गाणं थांबलं. बारात पुरुष काठी घेऊन पात्रात उतरलेला कोणी कधी पाहिला नव्हता. अलीकडच्या बांधावरचे काठ्या सावरून पुढे सरकले. ते उतरले असते तर त्या दिवशी चार-दोन मुडदे पडले असते. अक्का जागची हलली नाही. वाकड्या मनगटाने ती गोफणीत दगड घालायला बघत होती आणि दगड पुन्हा पुन्हा पडत होता.

पहिला दगड सासूने सोडला. तो तिच्या मुलाच्या कानामागे बसला. तो वळला, त्याला आधी कळेना कोणत्या बाजूने आला. त्याने आईला पाहिलं.

"भांडन मन्हं शे," ती म्हणाली. "तू कोन?"

त्याने काठी उगारून आणखी एक पाऊल अक्काकडे टाकलं आणि मग दोन्ही काठांवरून दगड सुटले. तो गुडघ्यावर आला. काठी हातातून गेली. त्याने डोकं दोन्ही हातांनी झाकलं आणि हातांवर दगड बसत राहिले. बोटं फुटली. तो ओरडत होता, आईला हाक मारत होता. त्याच्या आईने गोफण खाली केल्यावरच बाकीच्या थांबल्या. त्याच्याच गावच्या दोन बायांनी त्याला काखेत धरून बांधापर्यंत ओढत नेलं. वाळूवर रक्ताचा पट्टा राहिला. दोन्ही बांधांवरचे पुरुष काठ्या घेऊन तसेच उभे होते. एकही उतरला नाही.

सासूने मागे जाऊन म्हातारीकडून मुलगी घेतली आणि नदीच्या मध्यापर्यंत चालत गेली. अक्काही आली. मी माईक धरून होतो, पण त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. फार बोलल्या नसाव्यात. सासूने मुलीला तिच्या कडेवर दिलं, नातीच्या फ्रॉकला लागलेली वाळू झटकली आणि परत फिरून आपल्या जागी येऊन उभी राहिली. गोफणीत नवा दगड घातला. बार अजून संपला नव्हता.

मुलगी आजीसाठी किंचाळू लागली. इतक्या महिन्यांनी तिला आई ओळखू येईना. ती अंग मागे टाकत होती, दोन्ही मुठींनी अक्काच्या तोंडावर मारत होती. एक ठोसा ओठावर बसून ओठ फुटला. अक्काने तिचे हात धरले नाहीत. वाकड्या मनगटाने तिला पोटाशी आवळून, मार खात, ती आईच्या काठाकडे चालत राहिली.